मोटारींच्या गावातली मंडई

डेट्रॉईट म्हटलं की मोटारी, हे समीकरण आपल्या लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की त्या गावात माठ, मुळा आणि भेंडी पिकते असं सांगितलं तर पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर क्षणभर गप्पच होतात. त्यांचं काही चुकत नाही. आम्ही इथली मराठी मंडळीसुद्धा बहुतेक मोटारींच्याच पायी इथे आलो. कुणी ब्रेकवाला, कुणी गिअरवाला, नव्याने आलेली पोरं बॅटरीवाली. आणि राहायला मात्र सगळे शहराबाहेर! एट माईल रोड ही डेट्रॉईटची उत्तरेकडची वेस. वेशीच्या अलीकडे आमची उपनगरं, त्यांतली कापून-सवरून ठेवलेली हिरवळ आणि दर दोन मैलांवर एक भलंमोठं ग्रोसरीचं दुकान. वेशीच्या पलीकडे डेट्रॉईट. मंडळाच्या गणपतीत पाहुण्यांना ‘आम्ही डेट्रॉईटचे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कित्येकांनी हे शहर पाहिलेलं असतं ते फ्रीवेवरून, ताशी सत्तर मैलांच्या वेगाने.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तीन घरची मंडळी ते जरा सावकाश पाहून आलो. निमित्त झालं अण्णांचं. अण्णा म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील, पण आल्यापासून आठ दिवसांत ते सगळ्यांचेच अण्णा झाले. सोलापूरकडचे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. नायगारा झाला, शिकागो झालं, मॅकिनॅक बेट झालं (तिथले घोडे तेवढे त्यांना पसंत पडले), आणि मग एका रात्री जेवताना म्हणाले, "अरे, हे सगळं ठीक आहे. पण तुमच्या गावची मंडई कुठे आहे? मंडई पाहिल्याशिवाय गाव कळत नाही." आता ह्यांना काय दाखवावं ह्या विचारात आम्ही असतानाच काकू म्हणाल्या, "अहो अण्णा, आहे ना मंडई. चांगली जुनी आहे. शनिवारी जाऊ." ह्या काकू १९७४ पासून मिशिगनात आहेत. त्यांच्या परसातल्या दुधीच्या मांडवाखाली आमच्यातल्या दोघांच्या बारशाची जेवणं झालेली आहेत, तेव्हा भाजीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

तर ही मंडई म्हणजे ईस्टर्न मार्केट. आय-७५ ने दक्षिणेला येऊन मॅक अव्हेन्यूला उतरायचं. डाउनटाउनपासून साधारण मैलभरावर आहे. १८९१ पासून ती ह्याच जागी भरते. पुण्याची मंडई १८८६ ची, तेव्हा वयाने ही पाचच वर्षांनी धाकटी. त्याआधी ह्या भागात दफनभूमी होती आणि तुरुंग होता, असं काकूंनी गाडीतच सांगून टाकलं. लांबच लांब शेड, त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. रात्री घाऊक बाजार चालतो, तेव्हा ट्रकवाले आणि हॉटेलवाले. दिवसा आपल्यासारखे किरकोळीचे. भोवताली कसाई, मसालेवाले, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आणि जुन्या गोदामांच्या भिंतींवर दोन-दोन मजले उंचीची रंगीत चित्रं. ऑगस्ट म्हणजे मिशिगनचा सुगीचा काळ. मक्याची कणसं, पीच, ब्लूबेरी, टोमॅटोचे इतके प्रकार की आमच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

अण्णांनी मात्र खरेदीच्या आधी चौकशी सुरू केली. तागडी कुठे दिसेना, सगळा माल टोपलीवर. "म्हणजे वजन देवावर हवाला!" असं म्हणून ते पुढच्या गाळ्यावर गेले. तिथे आंबे आणि केळी. "मिशिगनात आंबा?" त्यांचा प्रश्न आम्ही इंग्रजीत विचारला. विक्रेता हसला आणि मोकळेपणाने म्हणाला, नाही, हा माल पहाटे घाऊक बाजारातून उचललेला. तेव्हा वाचकहो, ईस्टर्न मार्केटमध्ये मिळतं ते सगळंच ‘लोकल’ असतं असं समजू नका. अर्धे शेतकरी, अर्धे व्यापारी. आपल्याकडच्या मंडईतही दुसरं काय असतं? अण्णांची युक्ती साधी होती. भाव विचारण्याच्या आधी "कुठे पिकवलंत?" हे विचारायचं. शेतकरी असेल तर गावाचं नाव सांगतो, शिवाय पाऊस कसा झाला तेही सांगतो. व्यापारी असेल तर भाव सांगतो.

असंच विचारत आम्ही एका टेबलाशी थांबलो. त्यावर पाटी होती ‘ग्रोन इन डेट्रॉईट’. शहरातल्या निरनिराळ्या वाफ्यांतला माल तिथे एकत्र विकायला येतो आणि विक्रीचा सगळा पैसा पिकवणाऱ्याच्याच हातात पडतो. मध्ये अडत्या नाही. चालवते ‘कीप ग्रोइंग डेट्रॉईट’ नावाची संस्था. बी-बियाणं, रोपं, मातीची तपासणी हे सगळं ती नाममात्र वर्गणीत पुरवते आणि शहरातल्या दीड हजारांहून अधिक बागांशी तिचा संबंध आहे. घराच्या परसातल्या, शाळेतल्या, चर्चच्या मागच्या आणि ओसाड प्लॉटवरच्या अशा सगळ्या त्यात आल्या.

टेबलाशी आमच्या पुढे एक आजीबाई उभ्या होत्या, नातवंडाला घेऊन. त्यांनी कॉलर्ड ग्रीन्सच्या दोन जुड्या आणि एक टोपलीभर भेंडी घेतली, आणि पैशांऐवजी गोल टोकनं मोजून दिली. अण्णांचे डोळे चमकले. "हे कसलं नाणं?" काकूंनी समजावलं ते आम्हालाही नवं होतं. गरीब कुटुंबांना फेडरल सरकारकडून अन्नासाठी जे पैसे मिळतात, त्याला आता ‘स्नॅप’ म्हणतात. जुने लोक अजून ‘फूड स्टॅम्प’च म्हणतात. मिशिगनात ते एका कार्डावर जमा होतात, त्याचं नाव ब्रिज कार्ड. मंडईच्या कचेरीत ते कार्ड घासलं की टोकनं मिळतात. आणि दहा डॉलरची टोकनं घेतली की वर आणखी दहाची मिळतात, फक्त भाजी-फळांसाठी. ह्याला ठराविक मर्यादा असते, पण मर्यादेच्या आत दुप्पट. ‘डबल अप फूड बक्स’ ही ती योजना. ‘फेअर फूड नेटवर्क’ ह्या संस्थेने ती २००९ साली इथेच, डेट्रॉईटच्या बाजारांतून सुरू केली. पुढे देशभर तिची नक्कल झाली, आणि २०१४ च्या शेतकी कायद्यात काँग्रेसने अशा योजनांसाठी दहा कोटी डॉलर बाजूला काढले.

इथे अण्णा एका लाकडी खोक्यावर बसलेच. त्यांना त्यातली गोम लगेच कळली. "म्हणजे गरिबाच्या ताटात भाजी आली, आणि तोच पैसा जवळच्या शेतकऱ्याच्या खिशात गेला. एका दगडात दोन पक्षी. नाहीतर आमच्याकडे गरिबाला स्वस्त द्यायचं म्हटलं की शेतकऱ्याचा भाव पाडतात!" मग आम्ही सगळेच थोडा वेळ कांद्याच्या भावावर बोलत बसलो, ते इथे देत नाही.

आता प्रश्न असा की अमेरिकेसारख्या देशात, जिथे निम्मं अन्न उकिरड्यावर जातं की काय असं आपल्याला वाटतं, तिथे ही टोकनं, हे वाफे, ही खटपट हवी कशाला? त्याचं उत्तर मंडईत नाही, मंडईबाहेर आहे. ज्या आय-७५ वरून आम्ही झुर्रकन आलो, त्या रस्त्याखाली हेस्टिंग्ज स्ट्रीट गाडला गेला आहे. कृष्णवर्णीय डेट्रॉईटकरांची ती मुख्य बाजारपेठ. त्यांची दुकानं, खानावळी, गाण्याची ठिकाणं तिथे होती, आणि १९५० च्या नंतरच्या दशकात फ्रीवेसाठी ती पाडली. १९५० साली शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. कारखाने हलले, गोरी कुटुंबं एट माईलच्या पलीकडे गेली, आणि २०२० च्या शिरगणतीत उरले ६ लाख ३९ हजार. माणसं गेली तशी दुकानं गेली. २००७ साली शेवटच्या मोठ्या साखळी सुपरमार्केटनेही शहरातून गाशा गुंडाळला. पुढे २०१३ मध्ये एक-दोन परत आली (गंमत म्हणजे शहराने दिवाळखोरी जाहीर केली त्याच उन्हाळ्यात), पण मधली वर्षं ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी काय केलं असेल? गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान होतं, पण त्यात दारू, लॉटरी, चिप्स आणि एखादं काळं पडलेलं केळं. शहरात छोटे स्वतंत्र दुकानदार बरेच होते आणि त्यांतले काही चांगलेही होते, हेही सांगायला हवं. ‘अन्नाचं वाळवंट’ हा शब्द वर्तमानपत्रांना आवडला, तितका तो इथल्या लोकांना आवडत नाही. वाळवंट निसर्ग करतो, असं ते म्हणतात.

मंडईतून निघून आम्ही डाउनटाउनमध्ये ग्रँड सर्कस पार्कला पाच मिनिटं थांबलो, कारण तिथे एक पुतळा आहे आणि अण्णांना तो दाखवायचाच असा काकूंचा हट्ट होता. खुर्चीत बसलेले हे गृहस्थ म्हणजे हेझन पिंग्री, १८९० ते १८९७ डेट्रॉईटचे महापौर. मूळचे बुटांचे कारखानदार. १८९३ साली देशभर मंदी आली, कारखाने बंद पडले, आणि शहरात पोलिश आणि जर्मन मजुरांची उपासमार सुरू झाली. पिंग्रींनी पाहिलं की शहराच्या कडेला भाव चढण्याची वाट बघत कितीतरी जमीन नुसती पडून आहे. त्यांनी मालकांना विचारून ती तात्पुरती मागून घेतली, नांगरून दिली, बियाणं दिलं. पैसा उभा राहीना तेव्हा स्वतःचा घोडा लिलावात काढला. १८९४ साली सुमारे ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनी बटाटे, घेवडा, सलगम लावले. वर्तमानपत्रांनी आधी यथेच्छ टिंगल केली. ‘पोटॅटो पॅच पिंग्री’ हे नाव त्यांना तेव्हाच चिकटलं. पीक हाती आल्यावर टिंगल थांबली आणि न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारख्या शहरांनी तोच प्रयोग केला. पिंग्री पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले. अण्णांनी पुतळ्याला चक्क नमस्कार केला. बाजूच्या बाकावरचा माणूस बघतच राहिला.

तिथून दहा-बारा मैल पश्चिमेला, शहराच्या टोकाला रूज पार्क. हजार एकरांहून मोठं हे उद्यान, आणि त्याच्या एका कोपऱ्यात सात एकरांवर ‘डी-टाउन फार्म’. २००६ साली स्थापन झालेल्या एका कृष्णवर्णीय संस्थेचं हे शेत. संस्थापकांपैकी मलिक याकिनी हे पूर्वी एका शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या बागेपासूनच ह्या कामाची सुरुवात झाली. संस्थेच्या नावात आधी ‘फूड सिक्युरिटी’ असे शब्द होते, ते पुढे बदलून ‘फूड सॉव्हरेंटी’ केले. आम्हाला हा शब्दांचा खेळ वाटला होता. अन्नसुरक्षा काय आणि अन्नाचं स्वराज्य काय, शेवटी पोट भरण्याशी मतलब! पण ह्या फरकावर अण्णा जे बोलले ते पुढे येईलच.

शेत पाहून अण्णांचं वय वीस वर्षांनी कमी झालं. हरणांसाठी उंच कुंपण. (हरणं म्हणजे मिशिगनचे रानडुक्कर, आमच्या परसातल्यांनाही ठाऊक आहे.) प्लॅस्टिकचे अर्धगोल बोगदे, ज्यांना इकडे हूप हाउस म्हणतात. आपलं पॉलिहाउसच, पण ना पंखा, ना हीटर. बाहेर बर्फ असताना त्यात पालक आणि केल जिवंत राहतो. उन्हाळा इथे मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच, त्यामुळे ह्या बोगद्यांवाचून ‘स्थानिक अन्न’ म्हणजे पाच महिन्यांची हौस ठरेल. मग कंपोस्टचे ढीग, त्यातून निघणारी वाफ, मधमाश्यांच्या पेट्या. अण्णांनी मूठभर खत उचलून वास घेतला आणि पसंतीची मान हलवली. कंपोस्टचं महत्त्व इथे दुप्पट आहे, कारण जुनी घरं पाडलेल्या प्लॉटवर रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असू शकतं. म्हणून आधी माती तपासायची, आणि शंका असली तर चांगली माती आणून उंच वाफे करायचे.

तण काढायला स्वयंसेवक आले होते. त्यातली एक तरुण मुलगी आम्हाला फिरवत होती. भेंडीच्या ओळीशी ती म्हणाली, ही आमच्या पूर्वजांची भाजी, आफ्रिकेतून दक्षिणेत आली आणि दक्षिणेतून आमच्या आज्ज्यांबरोबर डेट्रॉईटला. पलीकडे चवळी होती. अण्णा थांबले. "हिला सांग," ते मुलाला म्हणाले, "चवळी आमच्याकडेही आफ्रिकेतूनच आली. आणि ज्वारी, बाजरी, नाचणीसुद्धा. आमची भाकरी मूळची ह्यांच्याच खंडातली." हे भाषांतर करून सांगितल्यावर ती मुलगी जी हसली, आणि तिने बाकीच्यांना हाका मारून बोलावलं! मग भाकरी म्हणजे काय, ती थापतात कशी, ह्याचं प्रात्यक्षिक काकूंनी हवेतच करून दाखवलं.

ज्वारीचा विषय निघाला म्हणून असेल, परतताना झाडाखाली पाणी पीत बसलो तेव्हा अण्णा ७२ च्या दुष्काळावर आले. तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांना सुकडी वाटायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो. लालसर दाणा, भाकरी नीट होत नसे, वास यायचा. आमच्यातल्या एक-दोघांनी लहानपणी ती खाल्ली आहे, बाकीच्यांनी आईकडून ऐकली आहे. अण्णा म्हणाले, "मिलोला मी नावं ठेवत नाही. ती खाऊन माणसं जगली. पण त्या वर्षी आपण काय खायचं हे आपल्या हातात नव्हतं. कुणीतरी ठरवणार, कुणीतरी बोटीत भरणार, तेव्हा आपल्या चुलीवर तवा चढणार. ही पोरं त्याबद्दल बोलताहेत." अमेरिकन धान्य सोलापूरला खाल्लेला माणूस अमेरिकेतच भुकेवरचं व्याख्यान देतोय, ह्याची आम्हाला जरा गंमत वाटली. पण बोलणं मनात बसलं.

आमच्यातल्या इंजिनिअर मंडळींना मात्र आकडे हवे असतात. एवढ्याशा वाफ्यांनी शहराचं पोट भरणार आहे का? मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१० साली हा हिशोब मांडला होता. शहरात सरकारी मालकीची मोकळी जमीन जवळजवळ पाच हजार एकर. तिच्यातल्या थोड्याच भागावर कसून शेती केली, हूप हाउस आणि साठवणीची सोय केली, तर डेट्रॉईटकर खातात त्यातली सुमारे ७६ टक्के भाजी आणि ४२ टक्के फळं इथेच होऊ शकतात. ऐकायला झकास. पण ह्यात धान्य नाही, डाळ नाही, तेल नाही, दूध नाही. पोट भरतं ते त्यांनी. गहू बाहेरून येणार, आणि त्यात काही वाईट नाही. बरं, कडधान्यासाठी तर फार लांब जायलाही नको. मिशिगनच्या नकाशातल्या हातमोज्याचा जो अंगठा, त्या ‘थंब’ भागात काळा घेवडा आणि पांढरा घेवडा मैलोनमैल पिकतो. (काळ्या घेवड्याची उसळ गोडा मसाला घालून करून पाहा.) आमच्या मते खरी अडचण जमिनीच्या क्षेत्राची नसून जमिनीच्या कागदाची आहे. ओसाड प्लॉटवर वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि एक दिवस कळायचं की तो दुसऱ्याला विकला. २०१२ साली एका धनाढ्य गृहस्थांना झाडं लावण्यासाठी दीड हजारांच्या आसपास प्लॉट एकगठ्ठा आणि स्वस्तात देण्याचा ठराव झाला, तेव्हा चार वाफेवाल्या लोकांनी विचारलं की मग आम्हाला एकेक विकत द्यायला काय हरकत होती? २०१३ मध्ये शहरी शेतीला रीतसर कायद्यात जागा मिळाली, २०२० पासून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमीन घ्यायला मदत करणारा एक निधी निघाला, आणि २०२५ पासून तर कोंबड्या, बदकं, मधमाश्या पाळण्यालाही परवानगी आहे. पण पिंग्रींच्या वेळी जमीन उसनी होती, आणि पुष्कळांची अजूनही उसनीच आहे.

दुपारी भुकेने पोरं कुरकुरायला लागली तेव्हा आम्ही वूडवर्ड अव्हेन्यूवरच्या ‘डेट्रॉईट पीपल्स फूड को-ऑप’मध्ये शिरलो. २०२४ च्या मे महिन्यातच उघडलेलं हे सहकारी किराणा दुकान. डी-टाउनवाल्या संस्थेच्या पुढाकारानेच, पण उभं राहायला दहा वर्षांहून जास्त लागली. दोनशे डॉलरचा एक शेअर, आणि शेअरवाल्याला एक मत. वरच्या मजल्यावर लहान उद्योगांसाठी भाड्याची स्वयंपाकघरं. स्वच्छ, सुरेख दुकान आहे. स्थानिक माल आहे, तसा रोजचा साधा मालही आहे, कारण नुसत्या केलवर दुकान चालत नाही. भाव काही वस्तूंचे आम्हाला चढे वाटले. सोलापूरकडच्या माणसाला सहकार नवा नाही, अण्णांनी सगळी व्यवस्था समजून घेतली आणि निघताना म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. आता पहिली निवडणूक होऊ द्या, मग बघू!"

परतीच्या वाटेवर हॅमट्रॅम्क. जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं हे छोटं स्वतंत्र गाव, एके काळी पोलिश लोकांचं. आता इथे आणि शेजारच्या कोनंट अव्हेन्यूवर बांगलादेशी आणि येमेनी वस्ती दाट. आम्ही गाड्या हळू केल्या आणि काकूंनी "थांबा, थांबा!" म्हणून ओरडायला सुरुवात केली. दोन घरांमधल्या बोळात, गॅरेजच्या छपरावर, टेलिफोनच्या तारांपर्यंत, जिकडे बघावं तिकडे दुधी! लाकडी फळ्या, जुने पाइप, मिळेल त्याचे मांडव. खाली मायाळू, लाल माठ, वालाच्या शेंगा, मिरच्या. अंगणातल्या एका बाईंनी आम्हाला निरखून पाहिलं, आणि काकूंनी बोटाने दुधी दाखवून "लाऊ?" एवढं विचारल्यावर फाटक उघडलं. बंगालीत दुधीला लाऊ म्हणतात हे काकूंना कुठून ठाऊक, देव जाणे. पुढचा अर्धा तास हिंदी, इंग्रजी आणि हातवारे. त्या दर वर्षी मार्चमध्ये खिडकीत बिया रुजवतात, उन्हाळाभर घरची भाजी विकत आणत नाहीत, उरलेली शेजारी, मशिदीत आणि ओळखीच्या दुकानात जाते. तिथे कुणी ‘लोकल फूड’ हा शब्द उच्चारला नाही, की पाटी लावली नाही. आणि एक बारीक गोष्ट आम्हाला तिथे कळली. काकू आपला जास्तीचा दुधी आमच्या भागातल्या एका फूड पॅन्ट्रीत नेऊन देतात, तिथे तो दोन-दोन दिवस तसाच पडून असतो, कारण त्याचं काय करायचं हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. तोच दुधी इथे हातोहात जाईल. भाजी जवळची असून भागत नाही, ती ओळखीचीही असावी लागते. दोन दुधी आणि लाल माठाच्या बियांची एक पुरचुंडी देऊनच बाईंनी आम्हाला सोडलं.

ही सहल होऊन आता बरेच दिवस झाले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या त्या सांगायला हव्यात. २०२५ च्या मार्चमध्ये फेडरल सरकारने शाळांना आणि फूड बँकांना जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घेण्यासाठी दिला जाणारा निधी रद्द केला. दोन योजना मिळून सुमारे शंभर कोटी डॉलर. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज बंद पडलं ते १२ नोव्हेंबरपर्यंत, त्यात नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे अडकले. देशभरातली सुमारे चार कोटी माणसं त्यावर अवलंबून आहेत. अण्णांनी सोलापूरहून फोन करून विचारलं, "त्या टोकनवाल्या आजीबाईंचं काय झालं रे? मूळ रक्कमच आली नाही तर दुप्पट कशाची करणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोव्हेंबरात वाफे झोपलेले असतात. हूप हाउसमध्ये पालक होता, मंडई दर शनिवारी भरत होती, सूप किचनं चालू होती (कापुचिन साधूंचं तर १९२९ पासून चालू आहे, आणि १९९७ पासून त्यांचं स्वतःचं शेतही आहे). पण चार कोटींच्या पुढे परसातला पालक तो केवढा? बागा सरकारी मदतीची जागा घेतील असं ह्या कामातलं कुणी शहाणं माणूस म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं असं आम्हाला वाटतं.

एवढं मात्र झालं की त्या महिन्यात आमच्यातली काही घरं ईस्टर्न मार्केटला जायला लागली ती अजून जातात, आणि काकूंचा जास्तीचा दुधी आता एट माईल ओलांडून हॅमट्रॅम्कला जातो. लाल माठ गेल्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्यांच्या परसात उगवला. त्याचं आणि दुधीचं बी काकूंनी धरून ठेवलं आहे. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी पुड्या ठेवलेल्या असतील, ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात. दुधीच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मार्चअखेर घरात कपांमध्ये लावाव्यात, आणि मेचा मध्य उलटून थंडी नक्की गेली असं कळल्याशिवाय रोपं बाहेर काढू नयेत. मांडव मजबूत घालावा. हरणांचं काय करायचं ते आपलं आपण बघावं.